ओठांच्या कॉस्मेटिक सर्जरीनंतर राहिलेला वण आणि मनासारखा न आलेला आकार

शेवंती

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

मी लिप लिफ्ट करून घेतलं. यात नाकाच्या बुडाशी, दोन्ही नाकपुड्यांच्या खालून कातडीची एक नागमोडी पट्टी काढतात आणि खालची कातडी वर ओढून शिवतात. नाक आणि वरचा ओठ यांतलं अंतर माझं पहिल्यापासून जास्त. बोलताना वरचे दात दिसायचेच नाहीत. फिलर (ओठ भरीव दिसावा म्हणून टोचतात ते) घेऊन पाहिलं होतं, पण त्याने ओठ पुढे आला, वर गेला नाही. उलट वरचा भाग आणखी जड दिसायला लागला. म्हणून पुष्कळ वाचून, दोन सर्जनांशी बोलून हे ठरवलं.

आता चौथा महिना चालू आहे. नाकाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लालसर, बोटाला उंच लागणारी रेघ आहे. डाव्या नाकपुडीच्या कडेला ती रुंद झाली आहे आणि तिथे खाजही येते. ओठाची उजवी बाजू डावीपेक्षा वर गेली आहे. हसले की वरचा ओठ ताठ राहतो, स्वतःचंच हसू अनोळखी वाटतं. सर्जन म्हणतात, वेळ द्या. घरी म्हणतात, काही दिसत नाही, तू उगाच डोक्यात घेतलं आहेस. मला दिसतं. समोरचा माणूस बोलता बोलता डोळ्यांवरून नजर खाली नेतो, तेही दिसतं.

हा वण याहून सुधारतो का? आत्ता काही करायला हवं की खरंच फक्त थांबायचं? आणि आकार आवडला नाही तर दुसरी सर्जरी कधी करता येते? ज्यांनी ओठांचं काहीही करून घेतलं आहे त्यांनी लिहा. ‘आधीचं काय वाईट होतं’ असे प्रतिसाद कृपया नकोत. ते ऐकायची ताकद आत्ता नाही.

उन्हाळी

शेवंती, घरचे प्रेमापोटी बोलत असतील, पण ‘काही दिसत नाही’ या वाक्याने माणूस एकटा पडतो. तुला दिसतंय, खाजतंय, हाताला लागतंय, म्हणजे ते आहे.

एवढंच सुचवते की ‘वेळ द्या’ म्हणजे ‘काही करू नका’ असं धरून बसू नकोस. हे सर्जनना स्पष्ट विचार: या वेळात मी रोज काय करायचं आहे?

दवबिंदू

माझं उलट आहे. मी खालचा ओठ कमी करून घेतला. यात चीर ओठाच्या आतल्या बाजूला देतात, त्यामुळे बाहेर वण दिसत नाही असं सांगतात, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही असतं. ओठाला दोन भाग असतात. बाहेरचा कोरडा, ज्यावर आपण लिपस्टिक लावतो, आणि आतला ओला. चीर या दोहोंच्या सीमेच्या आत राहायला हवी. माझी थोडी पुढे आली. त्यामुळे आतली ओली त्वचा आता कायम हवेवर असते. ती कोरडी पडते, तिची सालं निघतात, आणि ओठ मिटले की मधोमध रंगाचा फरक दिसतो.

शिवाय शिवणीच्या जवळ पाण्याने भरलेला फोड यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. ओठात लाळेच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. त्यातल्या एखाद्या ग्रंथीची वाट वणात बंद झाली की असं होतं. शेवटी तो छोटा भाग काढावा लागला. मला वाटत होतं गाठच आहे काहीतरी, भीतीने झोप उडाली होती. कुणाला असं झालं तर दाखवून घ्या, उपाय सोपा आहे.

सुरुवातीला जीभ लावली की आत कडक पट्टा लागायचा, स्ट्रॉने पाणी पिता यायचं नाही. वर्ष उलटल्यावर तो पट्टा जवळजवळ मऊ झाला. रंगाचा फरक मात्र आहे तसाच आहे. जे कडकपणामुळे होतं ते गेलं, जे चिरेच्या जागेमुळे होतं ते गेलं नाही. तुझ्या बाबतीतही हे दोन वेगळे करून बघ असं मला वाटतं.

पाऊलवाट

मी प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत नर्स आहे, सर्जन नाही. न बघता निदान कुणीच करू शकत नाही, पण वण रोज बघते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वण टाके काढले त्या दिवशी पूर्ण होत नाही. पहिले काही दिवस सूज असते. मग शरीर जखम जोडायला घाईने कोलॅजन, म्हणजे कातडीला धरून ठेवणारं प्रथिन, टाकतं, ते कसंही, गचडीने. त्यानंतर महिनोन्‌महिने तेच कोलॅजन मोडून पुन्हा नीट रचण्याचं काम चालतं. हे वर्षभर, कधी कधी दीड वर्षही चालू राहतं. त्यामुळे वण आधी बिघडतो आणि नंतर सुधारतो. टाके काढताना बारीक, छान दिसलेली रेघ साधारण सहाव्या आठवड्यापासून लाल, कडक, उंच व्हायला लागते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत तशीच दिसते. ओपीडीत रडत येणारी माणसं बहुतेक याच काळातली असतात. शेवंतीताई, तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात आहात. आजचा वण हा शेवटचा वण नाही.

पण तो आपोआप चांगला होईलच असंही नाही. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम पाव ताकद असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि पुढे त्याहून फारशी वाढत नाही. ओठाभोवती गोल फिरणारा एक स्नायू आहे, तो बोलताना, जेवताना, जांभई देताना शिवणीला ओढतो. शरीराच्या दुसऱ्या भागातली जखम हलवायची नाही असं ठरवता येतं, तोंड कसं थांबवणार? म्हणून चांगल्या लिप लिफ्टमध्ये सगळा ताण खोलवरच्या टाक्यांवर घेतात आणि वरची कातडी नुसती टेकवल्यासारखी शिवतात. ताण कातडीवर आला की वण रुंद होतो, आणि बऱ्याचदा नाकपुडीच्या कडेलाच.

आता खाज आणि उंचवटा. कापलेल्या रेषेच्या आतच राहून जो वण फुगतो त्याला हायपरट्रॉफिक म्हणतात. तो पहिल्या एक-दोन महिन्यांत सुरू होतो आणि पुष्कळदा कालांतराने बसतो. जो रेषेबाहेर, चांगल्या कातडीवर पसरत जातो तो केलॉइड. तो उशिरासुद्धा सुरू होतो आणि सहसा आपणहून जात नाही. केलॉइड कानाची पाळी, छाती, खांदे इथे जास्त होतो, ओठाच्या वर कमी. सावळ्या-काळ्या त्वचेत मात्र त्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच जास्त. कान टोचल्यावर तुम्हाला किंवा घरात कुणाला गाठ आली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

घरी करण्यासारखं सगळ्यात भरवशाचं म्हणजे सिलिकॉन जेल किंवा सिलिकॉनची पट्टी. जखम पूर्ण भरलेली हवी, खपली नको. पट्टी असेल तर दिवसाचे निदान बारा तास, आणि हे दोन-तीन महिने तरी सलग. लोक पंधरा दिवस लावतात, फरक दिसत नाही म्हणून सोडतात. नाकाखाली पट्टी टिकत नाही, म्हणून दिवसा जेल आणि रात्री पट्टी असं बरेच जण करतात. जेल पातळ लावायचं, सुकू द्यायचं.

मालिश सर्जननी परवानगी दिल्यावरच. बोटाच्या पेराने खाली घट्ट दाबून हळू गोल फिरवायचं, नुसतं वरवर चोळायचं नाही. दाबल्यावर लाली क्षणभर जायला हवी, एवढा जोर.

आणि ऊन. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, ढगाळ दिवशीसुद्धा, दर दोन-तीन तासांनी. आपल्या रंगाच्या त्वचेत लाल वण उन्हाने तपकिरी होतो आणि तो तपकिरी डाग लालीपेक्षा चिवट असतो.

उंची, रुंदी आणि खाज तिन्ही आहेत म्हणून वणात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का, हे मात्र आत्ताच विचारा. ट्रायमसिनोलोन नावाचं औषध अगदी थोडं, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. खाज लवकर थांबते, वण बसायला लागतो. जास्त दिलं किंवा वणाबाहेर गेलं तर तिथे खड्डा पडतो, कातडी पातळ होते, पांढरट डाग येतो. म्हणून हात सराईत हवा आणि सुरुवात कमी मात्रेने हवी.

शेवंती

पाऊलवाट, मनापासून आभार. तीन महिन्यांत कुणी मला एवढं बसून सांगितलं नव्हतं. आजीच्या कानाच्या पाळीला मोठी गाठ होती, हे मला आत्ता आठवलं. सर्जनकडे भरलेल्या फॉर्ममध्ये असं काही विचारल्याचं आठवत नाही.

गोकर्ण

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून रात्री लावत जा. माझ्या बहिणीचा भाजल्याचा डाग त्यानेच गेला.

पाऊलवाट

गोकर्ण, हा सल्ला फार जण देतात आणि चांगल्या मनाने देतात, पण मी शेवंतीताईंना तो देणार नाही. १९९९ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. एकाच वणाच्या अर्ध्या भागाला व्हिटॅमिन ई घातलेलं मलम आणि अर्ध्याला साधं मलम. बहुतेकांत काही फरक पडला नाही किंवा व्हिटॅमिन ईचा भागच वाईट दिसला, आणि जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याने पुरळ उठलं. खाजणाऱ्या वणावर पुरळ आलं तर तो आणखी फुगतो. तेलाने मालिश होते, त्याचा फायदा मिळतो, तो औषधाचा वाटतो. मालिशच करायची तर साधी पेट्रोलियम जेली पुरते.

रानवारा

मला वाटतं एवढं थांबण्यापेक्षा सरळ लेझर करून टाकावं. आता तंत्रज्ञान पुढे गेलं आहे. काही ठिकाणी तर टाके काढल्यावर लगेच सुरू करतात.

पाऊलवाट

लवकर सुरू करतात हे बरोबर आहे. पण लेझर एक नाही. लालीसाठीचं लेझर रक्तवाहिन्यांवर काम करतं, त्याची तरंगलांबी ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर असते. पोत सुधारण्यासाठी कातडीला सूक्ष्म छिद्रं पाडणारं फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वेगळं. गडद त्वचेत दोन्ही जपून वापरावी लागतात, नाहीतर वण राहतो आणि भोवती काळं कडं येतं. ‘आमच्याकडे लेझर आहे’ एवढं पुरेसं नाही. कोणतं, कशासाठी, माझ्यासारख्या रंगावर आधी किती वेळा वापरलंय, आणि आधी एका कोपऱ्यावर करून बघणार का, हे विचारा. शेवंतीताईंच्या वणाला उंची आहे, तर आधी ती उतरवणं बरं.

रानवारा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

कातरवेळ

शेवंती, तू वणाबद्दल जास्त विचारलं आहेस, मी आकाराबद्दल लिहिते. माझं लिप लिफ्ट होऊन आता काही वर्षं झाली आणि दुसरी सर्जरीही झाली.

पहिल्यात माझी कातडी जास्त काढली गेली. बायकांमध्ये नाकाच्या बुडापासून ओठाच्या कडेपर्यंतचं अंतर ढोबळ मानाने ११ ते १३ मिलिमीटर असलं तर चेहऱ्याला शोभतं असं सर्जन धरतात. माझं त्याहून बरंच कमी झालं. ओठ सैल सोडले की मिटायचे नाहीत. सकाळी तोंड कोरडं ठणठणीत. हसले की हिरडी दिसायची. आणि एवढी ओढाताण असल्यामुळे वण रुंद झाला, नाकाचं बूडही खाली खेचलं गेलं. मला सगळे म्हणत होते, वण आधी नीट करू. पण वण हा परिणाम होता, कारण वेगळंच होतं. ताण तसाच ठेवून वण कितीही वेळा कापून शिवला तरी तो परत रुंदच होणार होता.

कापड बेततानाच आखूड कापलं गेलं तर शिवण उसवून ते लांब होत नाही, तसंच हे. जास्त काढलेली कातडी परत आणता येत नाही. वाट बघून आजूबाजूची कातडी थोडी सैलावते, तेवढाच काय तो फायदा. माझ्या नव्या सर्जननी जवळपास वर्षभर हात लावला नाही. मला राग यायचा तेव्हा. पण त्या वर्षात ओठ बराचसा मिटायला लागला, आणि मग जे करायचं होतं ते मूळ विचारापेक्षा खूप लहान निघालं.

तुझं जर उलट असेल, म्हणजे एक बाजू कमी उचलली गेली असेल, तर परिस्थिती पुष्कळ बरी. राहिलेलं थोडं काढणं हे गेलेलं परत आणण्यापेक्षा सोपं, आणि बहुधा नुसती जागा बधिर करून होतं. म्हणून उजवी ‘जास्त वर’ आहे की डावी ‘कमी वर’ आहे, हे मिलिमीटरमध्ये मोजून घे. डोळ्याने ठरवू नकोस. सर्जरीआधीचे फोटोही काढ. आपल्या कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. माझी डावी नाकपुडी जन्मापासून खाली होती आणि ते मला सर्जरीनंतर पहिल्यांदा कळलं.

शेवंती

कातरवेळ, ओठ मिटतात माझे. हिरडी दिसत नाही. म्हणजे बहुधा जास्त काढलेलं नाही. हे वाचून कितीतरी दिवसांनी थोडा श्वास घेतला. तुला मात्र फार सोसावं लागलं, त्याचं वाईट वाटतं.

निरभ्र

पुरुष आयडी आहे, चालेल ना? अपघातानंतर वरच्या ओठाला टाके पडले आणि मग आकार नीट करण्यासाठी कॉस्मेटिक सर्जरी केली. माझ्या ओठाच्या लाल भागाची आणि कातडीची सीमारेषा एका जागी तुटली आहे. तिथे पायरी दिसते. फरक जेमतेम मिलिमीटरचा, पण बोलण्याच्या अंतरावरून लक्षात येतो. डॉक्टरांनीच सांगितलं की ओठाच्या कडेला डोळा फार कडक असतो. इतर कुठे मिलिमीटरभर सरकलेलं कुणाला कळत नाही.

या पायरीवर मालिश, जेल, लेझर कशाचाही उपयोग नसतो, हे मला उशिरा समजलं. तिथे त्या जागेपुरतं कापून दोन्ही कडा पुन्हा जुळवाव्या लागतात. सरळ वण ओढत असेल तर त्याला नागमोडी करून ताण वेगवेगळ्या दिशांना वाटतात, त्याला झेड-प्लास्टी म्हणतात. माझं होईल आता. मिशीने झाकतं का असं सगळे विचारतात. वणावर केस उगवत नाहीत, त्यामुळे मिशीत फट पडते. थोडी लांब वाढवली की बाजूचे केस त्यावर बसतात, तेवढं जमतं.

मनमोकळी

मी समुपदेशन करते. एक गोष्ट मांडायची आहे आणि ती शेवंतीला उद्देशून आरोप म्हणून नाही.

चेहऱ्यावरची सर्जरी बिघडली की शोक होतो. खरा शोक. आधीचा चेहरा गेलेला असतो आणि ज्याची वाट बघितली तो आलेला नसतो. त्यात बाई स्वतःहून सर्जरीला गेली असेल तर तिला रडायचाही हक्क नाही असं भोवतालचे वागतात. हे चूक आहे, आणि या धाग्यावर कुणी तसं वागलं नाही याचं मला फार समाधान आहे.

वण मोजण्याच्या पद्धती आहेत. १९९० च्या एका पद्धतीत डॉक्टर रंग, उंची, लवचीकपणा, लाली बघून गुण देतात. २००४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पद्धतीत रुग्णालाही गुण द्यायला सांगतात: दुखतं का, खाजतं का, रंग-जाडी वेगळी वाटते का. म्हणजे वैद्यकशास्त्रानेही मान्य केलं की वण कसा आहे हे बाहेरून बघणाऱ्याला पूर्ण कळत नाही. ‘काही दिसत नाही’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

दुसरी बाजूही सांगते. स्वतःच्या दिसण्यातल्या एखाद्या दोषाचा ध्यास लागणं हा एक आजार आहे, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर. साधारण लोकांत तो शंभरात दोघांना असेल, कॉस्मेटिक सर्जरीकडे येणाऱ्यांत याहून बराच जास्त सापडतो. त्यात दोष इतरांना दिसत नाही किंवा किंचित असतो, आणि सर्जरीने समाधान होत नाही, ध्यास दुसऱ्या जागी जातो. शेवंतीचा वण हाताला लागतोय, त्यामुळे मी तिच्याबद्दल हे म्हणत नाही. पण खरा वण असूनही आरसा बघण्यात दिवसाचे तास जायला लागले, बाहेर जाणं बंद झालं, जगू नये असं वाटायला लागलं, तर वण बरा होण्याची वाट बघू नका. मदत त्याच आठवड्यात घ्या. बोलण्याचे उपचार आणि औषधं दोन्ही यावर काम करतात.

शेवंती

आरशाचं तुम्ही लिहिलंत ते लागलं. वाईट नाही वाटलं, पण लागलं. फोनचा पुढचा कॅमेरा उघडून झूम करून बघणं तर सारखंच चालू असतं.

उन्हाळी

तो कॅमेरा बंद कर बाई आधी. २०१८ मध्ये काही डॉक्टरांनी गणित करून दाखवलं होतं की साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचं बूड दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. तुझा वण नेमका तिथेच आहे! महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, दुसऱ्या कुणालातरी लांबून फोटो काढायला सांग. तोंड मिटून, हसून, दोन्ही बाजूंनी. डॉक्टरांनाही असेच फोटो उपयोगी पडतात.

दवबिंदू

अजून एक राहिलं. ओठावर पूर्वी कधी तापाने पाण्याचे फोड आले असतील तर ओठाच्या कुठल्याही सर्जरी, लेझर, टॅटूच्या आधी डॉक्टरांना सांगा. तो हर्पीस नावाचा विषाणू असतो, मज्जातंतूत दडून बसतो आणि जखम झाली की उठतो. ताज्या शिवणीवर उठला तर वण खराब होतो. आधी गोळ्या देऊन टाळता येतो. मला माझ्या वेळी उठला होता.

पाऊलवाट

अगदी बरोबर, आणि हे फार जण सांगायला विसरतात.

वाट बघायची नाही अशा गोष्टीही एकदा लिहून ठेवते, कारण हा धागा पुढे कुणीतरी घाबरून शोधत येईल. शिवण उघडणं, पू, ताप, लाली पसरत जाणं, कातडी काळी पडणं, ओठात बसवलेलं इम्प्लांट बाहेर दिसायला लागणं: त्याच दिवशी दाखवा. फिलर टोचल्यावर लगेच किंवा काही तासांत तीव्र वेदना, कातडी पांढरी किंवा जाळीदार निळसर होणं, नजर धूसर होणं: त्याच तासाला. फिलर हायल्युरॉनिक आम्लाचं असेल तर ते विरघळवायचं हायल्युरोनिडेज नावाचं औषध आहे आणि त्यात वेळ हेच सगळं असतं. ओठात सिलिकॉन टोचलेलं असेल तर ते विरघळत नाही, त्यामुळे काय टोचलं हे लेखी मागून घ्याच.

दोन-तीन महिन्यांनी वणावर पुटकुळी येऊन त्यातून पांढरा दोरा डोकावला तर मात्र घाबरू नका. आतला विरघळणारा टाका शरीर बाहेर टाकतं. स्वतः ओढू नका, ओपीडीत एका मिनिटात निघतो.

कातरवेळ

शेवंती, सर्जनकडे जाशील तेव्हा ऑपरेशनची नोंद मागून घे. किती मिलिमीटर काढलं, खोल टाके कशाला घेतले, कोणता दोरा, सगळं त्यात असतं. दुसरं मत घ्यायला गेलीस तर तो डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारेल. भांडायला म्हणून मागू नकोस, पुढच्या उपचारांना लागते म्हण. आणि दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगले सर्जन स्वतःहून सांगतात.

आणि कुणी पहिल्याच भेटीत ‘पुढच्या आठवड्यात कापून नीट करून टाकतो’ म्हणालं तर उठून ये. चौथ्या महिन्यातल्या लाल वणात पुन्हा चीर देणं म्हणजे पेटलेल्या जागी पुन्हा जखम.

शेवंती

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं, पण आधी काहीतरी सांगण्यासारखं घडू दे म्हटलं.

ऑपरेशनची नोंद मिळाली, कुरकुर न करता दिली. दुसरं मतही घेतलं. त्या बाईंनी पट्टी घेऊन दोन्ही बाजू मोजल्या. उजवी त्यांच्या मते बरोबर आहे, डावी एका मिलिमीटरहून थोडी जास्त खाली. म्हणजे कातरवेळ म्हणाली तसं, कमी उचललेली बाजू. डावीकडे वण फुगल्याने तिथली कातडी कडक आहे, म्हणून वण बसेपर्यंत या मापावरही विश्वास ठेवायचा नाही असं त्या म्हणाल्या. वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा मोजायचं.

आजीच्या कानाचं सांगितल्यावर त्यांनी वण नीट तपासला. रेषेबाहेर गेलेला नाही, तेव्हा आत्ता तरी हायपरट्रॉफिक. डाव्या कोपऱ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. जागा फार नाजूक, डोळ्यांतून पाणी आलं. पण खाज त्याच आठवड्यात गेली आणि आता तिथली उंची खरंच उतरली आहे. लाली आहे. रेघ अजूनही दिसते आणि ती कायमची नाहीशी होणार नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं, तरी कुणीतरी खरं बोललं याचं बरं वाटलं.

हसू थोडं सैल झालं आहे. आरशाबद्दल मनमोकळींशी व्यनितून (खाजगी निरोपातून) बोलले आणि एका समुपदेशकाकडे जायला लागले आहे. घरी २००४ च्या त्या मोजणीतले प्रश्न वाचून दाखवले. आई काही बोलली नाही, पण तेव्हापासून ‘काही दिसत नाही’ म्हणत नाही. जेल लावलंस का, एवढंच विचारते.

निरभ्र

फार छान बातमी. एक विचारायचं होतं. हेच सिलिकॉन जेल ओठाच्या लाल भागावर लावलं तर चालतं का? माझी पायरी अर्धी कातडीवर, अर्धी लाल भागावर आहे.

पाऊलवाट

लाल भागावर नको. तिथे ते टिकत नाही, चाटलं जातं, आणि बहुतेक जेलच्या पाकिटावरही ओल्या त्वचेवर लावू नये असं लिहिलेलं असतं. कातडीच्या बाजूला जेल, लाल भागावर साधी पेट्रोलियम जेली आणि बाहेर जाताना एसपीएफ असलेला लिप बाम. तुमची तारीख जवळ आली असेल तर मालिश कधी थांबवायची हे सर्जनना विचारून घ्या, आणि सिगरेट ओढत असाल तर निदान चार आठवडे आधी बंद करा. ओठाच्या कडेचा रक्तपुरवठा चांगला असतो, पण निकोटिनने तोही आकसतो.

निरभ्र

ओढतो. आजपासून बंद करतो.